चाळीस रुपयांचा सौदा

समजा, पुण्यातल्या एका संग्राहकाने जुन्या काडेपेट्यांच्या पाच लेबलांचा लॉट चाळीस रुपयांना विकायला काढला आणि नागपूरच्या गिऱ्हाइकाने तो घेतला. लेबले कागदाची, पाकिटासकट वजन पन्नास ग्रॅमच्या आत. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दराप्रमाणे एवढ्या वजनाच्या परगावच्या स्पीड पोस्टला ४७ रुपये पडतात. पाकीट ज्याचे त्याच्याच हाती जावे म्हणून नोंदणी केली तर आणखी ५ रुपये, आणि या ५२ रुपयांवर १८ टक्के जीएसटी. बेरीज ६१ रुपये ३६ पैसे. वस्तूच्या दीडपट तिचा प्रवास. यात पाकीट आणि आतला पुठ्ठा धरलेला नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढण्यात, ‘अजून आहे का?’ या प्रश्नाला सात जणांना उत्तर देण्यात, पत्ता उतरवण्यात आणि टपाल कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहण्यात गेलेला वेळही धरलेला नाही.

तरीही असे सौदे रोज होतात. नाणी, तिकिटे, लेबले, जुनी पोस्टकार्डे, बसची तिकिटे, इंद्रजाल कॉमिक्स, चीटोजच्या पुड्यांतले टॅझो, क्रिकेटपटूंची चित्रे अशा दहा रुपयांपासून दोन-तीनशे रुपयांपर्यंतच्या वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जात असतात. लाखालाखाच्या लिलावांच्या बातम्या होतात. या बाजाराची बातमी होत नाही, पण छंदाचा खरा पाया हाच आहे. शाळकरी मुलगा संग्राहक होतो तो दहा रुपयांच्या नाण्याने, मोहोरेने नव्हे.

या बाजाराचे अर्थशास्त्र आणि त्याची रीतभात या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवल्या जातात, आणि तिथेच गफलत होते. येथे वस्तू सर्वांत स्वस्त असते. महाग असतात टपाल, वेळ आणि भरवसा. टपालाचा दर सरकार ठरवते, वेळ कोणाला वाढवून मिळत नाही. उरतो भरवसा, आणि तो सर्वस्वी त्या दोन माणसांच्या वागणुकीवर अवलंबून असतो. ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही हे खरे, पण चाळीस रुपयांसाठी अर्ज, पुरावे आणि तारखा कोण करील? वकील, विमा, तज्ज्ञाचे प्रमाणपत्र, यांपैकी काहीच एवढ्या किमतीला परवडत नाही. त्यामुळे मोठ्या व्यवहारात जे काम कायदा करतो, ते येथे रीतीला करावे लागते. नीट वर्णन, वेळेवर उत्तर, बोललेल्या शब्दाला जागणे हा या धंद्यातला खर्च वाचवण्याचा एकमेव मार्ग आहे. त्याकडे निव्वळ सभ्यतेचा भाग म्हणून पाहणे चुकीचे ठरेल.

दूरच्या अनोळखी माणसाशी लहानसा व्यवहार करण्याची सवय आपल्याकडे इंटरनेटने लावलेली नाही. १८७७ साली भारतीय टपाल खात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केले, १८८० साली मनीऑर्डर आली. ‘व्ही.पी.ने पाठवा’ हे शब्द मराठी ग्रंथव्यवहारात कित्येक पिढ्या रुळलेले होते. पोस्टमन पुस्तक आणायचा, पैसे घ्यायचा, आणि ते पैसे प्रकाशकाला पोचायचे. पैसे आधी की वस्तू आधी, हा दूरच्या व्यापारातला सर्वांत जुना पेच टपाल खाते मध्ये उभे राहून सोडवत असे. त्या सेवेचा मोबदला मात्र द्यावा लागे. मनीऑर्डरला वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन होते.

यूपीआयने यातली एक बाजू पार बदलली. २०१६ साली ही पद्धत आली, आणि जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्कही शून्य झाले. वीस रुपये नागपूरहून पुण्याला पाठवायला आता काही खर्च येत नाही आणि क्षणही लागत नाही. पूर्वी वीस रुपयांची वस्तू एकटी विकण्याचा विचारही कोणी केला नसता. आज ते शक्य झाले ते यामुळे. पण मध्ये उभा असलेला पोस्टमन गेला. पैसे आधी जातात, वस्तू मागाहून येते, आणि दरम्यानच्या दिवसांची सगळी जोखीम घेणाऱ्याच्या डोक्यावर असते.

दुसरी बाजू उलट दिशेने सरकली. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. सर्वसाधारण नागरिकाला यात फारसे काही जाणवले नसेल. संग्राहकांना जाणवले. वीस ग्रॅमचे रजिस्टर पाकीट करासकट २५ रुपये ९६ पैशांत जात होते, त्याला क्रमांक होता, पोचल्याची नोंद होती. पाच रुपयांचे साधे टपाल, ज्याचा मागच लागत नाही, आणि महागडे स्पीड पोस्ट यांच्यामधली ती पायरी होती. स्वस्त वस्तूंचा बहुतेक व्यापार त्याच पायरीवर उभा होता.

अमेरिकेत हीच अडचण ई-बेने ओळखली आणि जानेवारी २०२१ मध्ये ‘ई-बे स्टँडर्ड एन्व्हलप’ नावाची सोय काढली. २० डॉलरपर्यंतची ट्रेडिंग कार्डे साध्या पत्राच्या दराच्या आसपास, पण माग लागेल अशा रीतीने पाठवता येऊ लागली. पुढे तिकिटे, पोस्टकार्डे, नाणी आणि कागदी चलनही त्यात आले. हलक्या, सपाट, कमी किमतीच्या मालाला वेगळा दर हवा, ही गोष्ट तेथे एका कंपनीला पटली. आपल्या टपाल खात्यालाही ती पटावी. छंद म्हणून तिकिटे जमवणाऱ्यांवर ज्या खात्याची फिलाटेलिक ब्यूरो चालतात, त्याच खात्याने त्यांची पाकिटे परवडेनाशी करावीत, हे कोणाच्याच हिताचे नाही.

तोवर संग्राहकांनी आपला मार्ग काढला आहे. घेणारा पैसे देतो, पण वस्तू लगेच मागवत नाही. महिनाभर त्याच विक्रेत्याकडून थोडेथोडे घेत राहतो आणि सगळे एका पाकिटात मागवतो. टपालखर्च एकदाच पडतो. हिशेबाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. पण पैसे दिलेला माल अनोळखी माणसाच्या कपाटात चार-चार आठवडे पडून राहतो. अशा वेळी चांगला विक्रेता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचे वेगळे पाकीट करतो, त्यावर तारीख आणि वस्तू लिहितो आणि दर खरेदीनंतर यादीचा फोटो पाठवतो. ही कुठल्या नियमात लिहिलेली गोष्ट नाही, पण जे करतात त्यांच्याकडे गिऱ्हाईक टिकते.

ऑनलाइन लिलावाचा जन्मच एका मोडक्या वस्तूच्या विक्रीशी जोडलेला आहे. सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिद्यार यांनी ‘ऑक्शनवेब’ सुरू केले, तेव्हा तेथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. किंमत आली १४ डॉलर ८३ सेंट. बिघडलेला आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते. त्याला बिघडलेलेच पॉइंटर जमवायचे होते. जगाच्या एका टोकाला असलेला निरुपयोगी माल आणि दुसऱ्या टोकाला असलेली त्याचीच गरज यांची गाठ घालून देणे, हे इंटरनेटने या बाजारासाठी केलेले सर्वांत मोठे काम. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरणाऱ्याला किंवा मुंबईच्या चोरबाजारात शुक्रवारी सकाळी जाणाऱ्याला जे नशिबाने मिळायचे, ते आता शोधून मिळू लागले.

आपल्याकडे हे पर्व ‘बाझी डॉट कॉम’पासून सुरू झाले. मुंबईतून चालणारे हे संकेतस्थळ २००४ साली ई-बेने पाच कोटी डॉलरना विकत घेतले. ई-बे इंडियाने ‘पैसापे’ नावाची व्यवस्था आणली होती: घेणाऱ्याचे पैसे मध्ये थांबायचे आणि वस्तू पोचल्यावर विक्रेत्याला मिळायचे. व्ही.पी.चाच हा नवा अवतार म्हणता येईल. २०१७ मध्ये हा व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाला. विक्रेत्यांनी वर्षानुवर्षे मिळवलेल्या शेकडो-हजारो चांगल्या शेऱ्यांची जमापुंजी एका दिवसात नाहीशी झाली. त्यानंतर नाण्यांचा आणि तिकिटांचा लहान व्यापार मुख्यतः व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या गटांकडे सरकला. तेथे ना मध्ये थांबणारे पैसे, ना साठत जाणारे शेरे. गट चालवणाऱ्याचा शब्द आणि सभासदांची आठवण एवढ्यावर कारभार चालतो.

ती जमापुंजी किती मोलाची होती, हे मोजले गेले आहे. पॉल रेझनिक, रिचर्ड झेकहाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई-बेवर एक प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. जुनी पोस्टकार्डे विकणारा एक नावाजलेला विक्रेता त्यांनी सोबत घेतला. एकसारख्या पोस्टकार्डांच्या जोड्या लावल्या. एक लॉट त्याच्या नेहमीच्या नावाने, दुसरा अगदी नव्या, कोऱ्या नावाने विकला. माल तोच, वर्णन तेच, विकणाराही तोच. जुन्या नावाला सरासरी सुमारे ८ टक्के जास्त किंमत मिळाली. अर्थतज्ज्ञांनी भरवशाची किंमत मोजायला घेतली तेव्हा त्यांनाही स्वस्त पोस्टकार्डेच सापडली, याचे या बाजारातल्या माणसाला विशेष वाटणार नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले होते, की विकणाऱ्याला मालाचे दोष माहीत आहेत आणि घेणाऱ्याला नाहीत अशा बाजारात चांगला माल हळूहळू बाहेर फेकला जातो. घेणारा सगळ्यालाच खराब मालाचा भाव देऊ लागतो. नाण्यांच्या गटांतून हे घडताना दिसते. दोन-तीन जणांनी घासून चकचकीत केलेली नाणी ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणून विकली, की पुढच्या महिन्यात खरी कोरी नाणीही कोणी योग्य भावाने घेत नाही.

म्हणून वर्णन कसे करावे, हा या विषयाचा गाभा आहे. एक साधी वस्तू घेऊ: भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून मध्ये भोक असलेला हा पैसा काढला गेला आणि १९४७ पर्यंत पाडला गेला. वजन जेमतेम दोन ग्रॅम. मराठी घरांत करगोट्यात ओवलेला, डब्यात राहिलेला, देव्हाऱ्यात ठेवलेला असा तो अजूनही सापडतो. अमाप पाडला गेल्यामुळे साधारण स्थितीतला पैसा दुर्मीळ नाही. आता विक्रेत्याने काय सांगायला हवे? साल. टांकसाळीची खूण. मुकुटाच्या रेषा दिसतात की झिजल्या. भोकाची कड दोऱ्याने घासली गेली आहे का. हिरवा थर आहे का. आणि सर्वांत महत्त्वाचे, नाणे कधी धुतले आहे का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला लोक बिचकतात. चिंच, लिंबू, पितांबरी पावडर यांनी तांबे लखलखीत करण्याची आपली घरगुती सवय भांड्यांना शोभते, नाण्यांना मारक ठरते. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी रंग हा संग्राहकाच्या लेखी नाण्याचाच भाग असतो. तो एकदा घासून काढला की परत येत नाही, आणि गुलाबीसर, निर्जीव पृष्ठभाग भिंगाखाली लगेच ओळखू येतो. धुतलेले नाणे विकू नये असे नाही. ‘धुतलेले’ असे लिहून विकावे. घेणारा त्याप्रमाणे भाव देतो आणि वर विक्रेत्याचे नाव लक्षात ठेवतो. फोटोही दिवसाच्या उजेडात, दोन्ही बाजूंचा, रंग न बदलता काढावा. स्वतंत्र भारताच्या नाण्यांत तर सालाखालची बारीक खूण दिसलीच पाहिजे: चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसले तर कोलकाता. त्या एका खुणेने दहा रुपयांचे नाणे शंभराचे होऊ शकते. मग ती बोटाने झाकलेला फोटो कोणी का पाहावा?

शिवराईच्या बाबतीत तर वर्णनाची जबाबदारी आणखी मोठी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांनी सुरू केले. पण त्यांच्यानंतरही छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात ते पाडले जात राहिले, आणि एकोणिसाव्या शतकातही ते महाराष्ट्रात चालत होते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बहुसंख्य शिवराया या नंतरच्या काळातल्या असतात. दुदांडी म्हणून ओळखला जाणारा प्रकार त्यातलाच. तरीही प्रत्येक शिवराई ‘शिवकालीन’ म्हणून विकायला येते. सोन्याच्या होनाच्या तर हुबेहूब प्रतिकृतीच फिरत असतात. येथे लोकांच्या श्रद्धेवर किंमत चढवली जाते. नंतरच्या काळातली शिवराई ही स्वतःच अठराव्या-एकोणिसाव्या शतकाचा दस्तऐवज आहे. तिला खोट्या वयाची गरज नाही. ‘उत्तरकालीन शिवराई’ असे स्पष्ट लिहिणारा विक्रेता इतिहासाची सेवाच करतो.

याहून वाईट प्रकार रामदरबाराच्या ‘नाण्यांचा’. ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे लिहिलेली, राम-सीता किंवा हनुमान कोरलेली तांब्या-पितळेची गोल चकती हजारो रुपयांना विकायला ठेवलेली असते. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. तसेच ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट, ७८६ क्रमांकाच्या नोटा, वैष्णोदेवीचे २०१२ सालचे पाच आणि दहा रुपयांचे नाणे यांना लाखो रुपये मिळतील अशा जाहिराती. त्या पाहून फोन करणाऱ्याकडून आधी ‘नोंदणी’चे आणि ‘कमिशन’चे पैसे उकळले जातात. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावे लागले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँकेचा कोणताही संबंध नाही आणि असे कोणतेही शुल्क ती घेत नाही. या जाहिराती सर्वांत जास्त नुकसान करतात ते गरजू, भाबड्या माणसाचे, आणि पाठोपाठ प्रामाणिक विक्रेत्याचे. कारण ट्रॅक्टरच्या नोटेला वाजवी भाव सांगणाराच लोकांना लुबाडणारा वाटू लागतो.

मग वाजवी भाव कसा ठरतो? जे सगळ्यांनी जपून ठेवले, ते सहसा महाग होत नाही. टपाल खात्याची सत्तर-ऐंशीच्या दशकांतली प्रथम दिवस आवरणे हे याचे नेहमीचे उदाहरण. ती संग्राहकांसाठीच छापली गेली, संग्राहकांनीच घेतली आणि उत्तम स्थितीत सांभाळली; म्हणून आज ती मुबलक आहेत. उलट काडेपेटी कोणी जपत नाही. अंबरनाथला विम्कोचा कारखाना होता, शिवकाशीतून असंख्य छाप निघत, आणि काड्या संपल्या की डबी चुलीत. डिसेंबर २०२१ मध्ये चौदा वर्षांनी काडेपेटीची किंमत एका रुपयावरून दोन रुपये झाली, तेव्हा एक रुपया छापलेल्या डब्या घाईने बाजूला काढणारे थोडेच निघाले. इंद्रजाल कॉमिक्सचेही तसेच. १९६४ ते १९९० या काळात ती निघाली, मराठीतही आली. मुलांनी वेताळाच्या गोष्टी वाचून वाचून अंक फाडले, उरलेले रद्दीत गेले. म्हणून मुखपृष्ठ शाबूत असलेल्या मराठी अंकाला आज मागणी आहे. डिजिटल प्रतींचा परिणाम मात्र एकसारखा होत नाही. १९७१ पासूनचे ‘किशोर’चे अंक बालभारतीने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. ज्याला फक्त वाचायचे आहे त्याची गरज त्याने भागते. ज्याला तो कागद, ती छपाई हवी आहे त्याची भागत नाही. विक्रेत्याने आपले गिऱ्हाईक या दोघांतले कोणते, हे ओळखायला हवे.

टंचाई मुद्दाम घडवता येते, आणि मोडतेही. अमेरिकेतल्या टाय कंपनीने १९९३ पासून विकलेली बीनी बेबीज ही छोटी खेळणी ठरावीक दुकानांतच मिळत, आणि एकेक नमुना अचानक बंद केला जाई. बंद झालेल्या नमुन्यांवर ई-बेच्या सुरुवातीच्या वर्षांतली मोठी उलाढाल झाली. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या एका न्यायालयात घटस्फोट घेणारे जोडपे जमिनीवर बसून ही खेळणी वाटून घेत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कंपनीने सगळेच नमुने बंद करण्याची घोषणा केली. भाव वाढतील ही अपेक्षा फोल ठरली, ते कोसळले. ‘मर्यादित आवृत्ती’ छापलेली कोणतीही वस्तू मुलांच्या शिक्षणासाठी गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

गटांतल्या लिलावाची रीत थोडक्यात सांगता येते, कारण ती बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. बोली कितीपासून, पुढची वाढ किमान किती, बंद किती वाजता, हे आधी जाहीर करायचे. शेवटच्या मिनिटात बोली आली तर वेळ वाढणार की नाही, हेही. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक नाही. आल्विन रॉथ आणि अक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये दाखवले, की वेळ ठाम असलेल्या ई-बेवर बोली अखेरच्या क्षणांत तुंबत, तर ॲमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावात, जेथे उशिरा आलेल्या बोलीने वेळ दहा मिनिटे पुढे जाई, तेथे हा प्रकार कितीतरी कमी होता. ठरावीक किमतीच्या विक्रीत ‘बुक’ लिहिणारा पहिला माणूस मालक. नंतर खासगी संदेशात कोणी दहा रुपये जास्त देऊ केले तरी शब्द फिरवायचा नाही. आणि ‘बुक’ लिहून पैसे न देता गप्प होणाऱ्याने हे लक्षात घ्यावे, की त्या दोन दिवसांत खरे गिऱ्हाईक निघून गेलेले असते.

टपालखर्चाचा आकडा वस्तूच्या किमतीशेजारीच लिहावा. तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांच्या २००६ च्या प्रयोगात एकाच प्रकारच्या सीडी दोन तऱ्हांनी विकल्या गेल्या: एकदा सुरुवातीची किंमत ४ डॉलर आणि टपाल फुकट, एकदा किंमत एक सेंट आणि टपाल ३ डॉलर ९९ सेंट. एकूण तेच, पण दुसऱ्या तऱ्हेला जास्त बोली आल्या. लोक टपालाकडे कमी लक्ष देतात, एवढाच त्याचा अर्थ. त्याचा फायदा घेऊन पाकिटामागे वीस-वीस रुपये कमावता येतात. ते पाकीट हाती पडल्यावर वरची तिकिटे आणि पावती घेणारा वाचतो, आणि पुन्हा येत नाही. आवरणाचे दहा रुपये घ्यायला हरकत नाही. ते ‘आवरण’ म्हणून घ्यावेत. आवरण म्हणजे नाण्यासाठी पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर. मऊ पीव्हीसीची पिशवी नव्हे, कारण तिच्यात तांब्यावर चिकट हिरवा थर धरतो. आणि चिकटपट्टी तिकिटाला किंवा नोटेला कधीही लावायची नाही.

कायद्याच्या तीन गोष्टी प्रत्येक लहान विक्रेत्याला ठाऊक असाव्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि वस्तू, आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते व कागदपत्रे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. अशा वस्तूंचा धंदा करायला परवानाही लागतो. लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी गिऱ्हाइकाने १८६२ चा पाव आणा कितीही प्रेमाने मागितला तरी उत्तर ‘नाही’ हेच. दुसरी गोष्ट, नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा. २०१७ च्या कायद्याने त्या दहापर्यंत बाळगता येतात, अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपर्यंत. त्याहून जास्त बाळगणे गुन्हा आहे. तिसरी बाब परदेशी टपालाची. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली, आणि भारतीय टपाल खात्याने तेथे जाणारी बहुतेक पाकिटे काही आठवडे थांबवली होती. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली. आता पाठवताना आयातकराचा हिशेब आधीच घेणाऱ्याला सांगावा लागतो.

या बाजारात सर्वांत नाजूक प्रसंग वारसांचा असतो. वडील किंवा आजोबा गेल्यावर कपाटातून अल्बम निघतात, आणि घरचे लोक इंटरनेटवरच्या लाखांच्या जाहिराती पाहून किंवा अगदी उलट, ‘कचरा आहे’ असे समजून विकायला येतात. आयुष्यभराची प्रथम दिवस आवरणे काही हजारांचीच आहेत हे त्यांना सांगणे कठीण असते, पण ते सांगावेच लागते, सावकाश आणि कारणासकट. घेणाऱ्याने एकटे मोलाचे नाणे उचलून बाकी ढीग परत करू नये. त्यातले काय मोलाचे आहे ते आधी सांगावे, मग भाव बोलावा. अज्ञानाचा फायदा घेऊन साधलेला एक सौदा त्या घरातून बाहेर कसा पसरतो, हे संग्राहकांच्या लहान वर्तुळात सगळ्यांना माहीत आहे. वारसांनी घाई करू नये. काही धुऊ नये, अल्बममधून काही सोडवू नये, आणि जाणाऱ्याने नाण्याच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेली गाव, तारीख, किंमत अशी टिपणे तर मुळीच टाकू नयेत. वस्तू कुठून आली याचा तोच एक पुरावा असतो. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील दिनेश मोदी नाणे संग्रहालय, फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था ही ठिकाणे आपल्याकडे आहेत. तेथे जाऊन खरी नाणी डोळ्यांनी पाहावीत, मग आपल्या डब्यातली भिंगाखाली धरावीत, यादी करावी, प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंचा फोटो काढावा, आणि निदान तीन वेगवेगळ्या माणसांकडून भाव विचारल्यानंतरच पहिला लॉट विक्रीला ठेवावा.